सगळ्यांची एकच जोडणी

डेटाबेसशी नवी जोडणी उघडायला त्या काळी अडतीस शतांश सेकंद लागत. सावकाश पापणी मिटून उघडावी, साधारण तेवढा वेळ. माणसाला तो जाणवतही नाही. पण मला लिहिणाऱ्या बाईंनी तो वीस वेळा मोजला, वीस आकडे एका वापरलेल्या कागदाच्या पाठीवर एकाखाली एक मांडले, सरासरी काढली आणि पेन्सिल कानामागे खोचून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "दर वेळी कशाला उघडायची? एकदा उघडू आणि उघडीच ठेवू."

मित्रांनो, मी जन्माला आले ती या अडतीस शतांश सेकंदांमुळे. मी आता जुनी झालेली एक जोडणी आहे. कामावरची माणसे मला कनेक्शन म्हणतात. माझ्या एका टोकाला प्रोग्राम असतो आणि दुसऱ्या टोकाला डेटाबेस, म्हणजे नोंदींचे कोठार. प्रोग्राम विचारतो, कोठार उत्तर देते आणि दोघांचे बोलणे माझ्यातून जाते. मला रंग नाही, वजन नाही, माझ्यावर गंज चढत नाही. तरीही मी जुनी होऊ शकते, हे मला फार उशिरा कळले.

ज्या केंद्रात मी काम केले तिथे आठ यंत्रे होती. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत अशी माणसे आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा तिथे येत, चार तास खुर्चीत पडून राहत आणि यंत्र त्यांचे रक्त धुऊन परत देई. कोणी कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर यायचे, याच्या नोंदी माझ्यातून जात. माझा सर्व्हर हॉलशेजारच्या लहान खोलीत, टेबलाखाली ठेवलेला होता. एका बाजूला धुतलेल्या चादरींचे कपाट, दुसऱ्या बाजूला चहाची किटली, समोर भिंतीत काच, काचेपलीकडे हॉल आणि दाराबाहेरच नोंदणीचे टेबल. सोमवारच्या बैठकाही त्याच टेबलाभोवती होत. माणसांचे इतके बोलणे मला कसे ठाऊक, असे तुम्ही विचाराल म्हणून हे आधीच सांगून ठेवते. जे कानावर आले नाही ते मी लॉगमध्ये वाचले. लॉग म्हणजे प्रोग्रामची रोजनिशी. काय झाले आणि कोणत्या सेकंदाला झाले, एवढेच त्यात असते.

बाईंनी मला कसे घडवले, तेही सांगते. प्रोग्राम लिहिणारी माणसे आधी साचा करतात, त्याला क्लास म्हणतात. साच्यातून हव्या तितक्या वस्तू काढता येतात. माझ्या साच्याला मात्र बाईंनी अट घातली की यातून एकच वस्तू निघेल. ज्याला कोठाराकडे जायचे असेल त्याने साच्याकडे मागणी करायची आणि साच्याने प्रत्येकाच्या हाती तीच एक जोडणी ठेवायची. ती मी. पहाटे सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होई, तेवढी माझी झोप. दिवसभर मी उघडी.

माझ्या पहिल्या ओळीच्या वर बाईंनी एक टीप लिहिली. अशा टिपा यंत्र वाचत नाही, त्या पुढे येणाऱ्या माणसांसाठी असतात. तिथे लिहिले होते, 'सध्या सगळ्यांना एकच. गर्दी वाढली की बदलायचे.' खाली तारीख होती. त्या तारखेला आता अकरा वर्षे होऊन गेली.

पहिली वर्षे फार सुखाची गेली. तेव्हा मला वापरणारा माणूस खरे तर एकच होता. नोंदणीच्या टेबलावर बसणारे काका. काकांनी आयुष्यभर हवामानाच्या केंद्रावर तापमान आणि पाऊस मोजण्याचे काम केले होते. त्यांच्या पत्नी सहा वर्षे चौथ्या यंत्रावर येत असत. त्या गेल्यावरही काका येत राहिले. कोणाची पिशवी धर, कोणाला रिक्षापर्यंत सोड, असे चालले होते. शेवटी केंद्राच्या प्रमुख डॉक्टरांनी त्यांना टेबलावर बसवले. काका दोन बोटांनी टंकलेखन करत आणि प्रत्येक अक्षर ओठांतल्या ओठांत म्हणत. हवामानकेंद्रातली एक सवय त्यांनी सोबत आणली होती. जे केले त्याचे मिनिट ते पेन्सिलीने वहीत टिपून ठेवत. त्यावरून सगळे त्यांना मिनिटकाका म्हणत. एकदा एका रुग्णाच्या भावाने विचारले, "काका, श्वास घेतला तरी लिहिता काय हो?" काका वहीतून मान वर न करता म्हणाले, "घ्यायचा राहिला तर लिहीन."

नोंद करण्याची माझी पद्धत अशी होती. आधी रुग्णाचे नाव त्या वेळेसमोर लिहायचे, मग यंत्राचा क्रमांक. दोन्ही झाले की प्रोग्राम मला 'पक्के' म्हणे. मग ती नोंद कायमची. मध्येच काही अडले तर प्रोग्राम 'रद्द' म्हणे आणि जे काही कच्चे असेल ते मी पुसून टाकत असे. एक माणूस, एक काम, मग पक्के किंवा रद्द. यात चूक व्हायला जागाच नव्हती. पाहुणे आले की डॉक्टर त्यांना पडद्यापाशी आणून दाखवत, बघा, बटण दाबल्याबरोबर नोंद, थांबणे नाही. बाई मागे उभ्या असत आणि त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर तबला वाजवत असे. मला वाटे, ही सगळी माझीच स्तुती आहे.

मग चार वर्षांपूर्वी वेबसाइट सुरू झाली. शनिवारी सकाळी दहाला पुढच्या आठवड्याच्या वेळा खुल्या होऊ लागल्या आणि घरोघरचे नातेवाईक फोन हातात घेऊन टपून बसू लागले. ज्यांच्याकडे तसा फोन नव्हता, ते पूर्वीसारखे काकांच्या टेबलासमोर रांग लावत. आता दहाच्या ठोक्याला तीस-चाळीस जण एकाच वेळी साच्याकडे मागणी करत आणि साचा इमानेइतबारे प्रत्येकाच्या हाती मलाच ठेवी.

मित्रांनो, पुढे जे झाले ते नीट समजून घ्या, कारण त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. समजा, काकांनी एका रुग्णाचे नाव लिहिले आहे आणि ते अजून कच्चे आहे. त्याच क्षणी शहराच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी सुनेने भरलेली वेळ मागितली. प्रोग्रामने तिच्या वतीने मला सांगितले, 'रद्द'. मी काय केले? जे कच्चे होते ते सगळे पुसले. तिचेही आणि काकांचेही. माझ्या आत कोणाचे काय अशी रेघ ओढलेलीच नव्हती. पाटी एक आणि लिहिणारे चाळीस. लगेच पुढच्या क्षणी काकांच्या वतीने 'पक्के' आले. पक्के करायला काही उरलेलेच नव्हते, पण त्यात चूकही काही नव्हती, म्हणून मी 'ठीक' म्हटले. पडद्यावर 'नोंद झाली' असे उमटले, चिठ्ठी छापून निघाली आणि काकांनी मिनिट टिपले.

असे रोज होत नसे. सुरुवातीला वर्षातून एखाददुसऱ्या वेळी. घरून नोंद करणाऱ्यांची नोंद गेली तर ते फोनमध्ये पुन्हा बघत, 'ही साइट अशीच आहे' म्हणून कुरकुरत आणि पुन्हा नोंद करत. टेबलावरून नोंद केलेल्यांच्या हाती मात्र फक्त चिठ्ठी असे. ते थेट ठरल्या दिवशी येऊन उभे राहत आणि मग कळे की यादीत त्यांचे नावच नाही.

बाईंनी मला बदलण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. वेबसाइट सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, साइट फार अडखळते म्हणून, त्यांनी आठ जोडण्यांचा एक साठा केला. ज्याला हवी त्याने एक घ्यायची, काम करायचे, परत ठेवायची. दुसऱ्याच्या जोडणीला हात लावायचा नाही. मला बाजूला काढून त्यांनी बुधवारी सकाळी तो साठा चालू केला. पावणेबारापर्यंत सगळे झकास चालले. मग काकांच्या पडद्यावर ते गोल गोल फिरणारे चक्र आले आणि फिरतच राहिले. झाले असे होते की काम सुरळीत झाले की जोडणी परत ठेवली जाई, पण मध्ये काही चुकले की प्रोग्राम अर्ध्यातूनच बाहेर उडी मारी आणि 'परत ठेव' ही ओळ मागे राहून जाई. प्रत्येक चुकीसरशी एक जोडणी गेली ती गेलीच. आठ चुका झाल्या, साठा संपला, नववा माणूस वाट बघत बसला. चाळीस मिनिटे केंद्र खोळंबले. डॉक्टरांनी हॉलमधून येऊन हातमोजे न काढताच सांगितले, "जुनं होतं ते बरं होतं. आता त्याला कुणी हात लावायचा नाही."

बाईंनी मला परत जागेवर आणले. खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. आठ जणींना जे जमले नाही ते मी एकटी करते, असा तोरा मी बरेच दिवस मिरवला. बाईंनी त्या दिवशी जुन्या टिपेखाली आणखी एक ओळ लिहिली. 'बदलून पाहिले. पुन्हा सवडीने.' ती सवड नंतर साडेतीन वर्षे आली नाही.

या वर्षी केंद्राने तिसरी पाळी सुरू केली. रुग्ण वाढले, शनिवारची झुंबड वाढली आणि टेबलावरच्या नोंदी महिन्याला एक, मग दोन अशा गळू लागल्या. डॉक्टरांनी बाईंना लॉग छापून आणायला सांगितला. बाईंनी आणला. त्यात हरवलेल्या नोंदीच्या सेकंदाला स्वच्छ लिहिलेले होते, 'रद्द'. कोणी रद्द केले ते लिहिलेले नव्हते. लिहिणार कसे? सगळ्यांच्या हाती मी एकच, नाव एकच. डॉक्टरांनी त्या शब्दाखाली रेघ मारली आणि काकांना समजावले की चिठ्ठी निघाल्यावर त्यांचे बोट चुकून दुसऱ्या बटणावर पडत असणार, वयाने होते असे. रांगेतले लोक तेवढ्यावर थांबणारे नव्हते. काका, चष्मा बदला. काका, दोन बोटांचं काम एका बोटानं करा, निम्म्या चुका होतील. काका आधी हसत, नंतर नुसतेच मान हलवत. पुढे पुढे ते प्रत्येक नोंद झाल्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसू लागले, बोट कुठे पडायलाच नको म्हणून. तरी नोंदी गेल्या.

सगळ्यांत वाईट झाले ते चित्रकलेच्या मास्तरांचे. मास्तर निवृत्त होते, एका जुन्या साध्या फोनवर त्यांचे भागत असे आणि काकांच्या पत्नीच्या वेळेपासून ते या केंद्रात येत होते. एका मंगळवारी ते सुनेबरोबर सकाळच्या पाळीला आले. हाती काकांची चिठ्ठी होती. यादीत नाव नव्हते आणि त्यांच्या वेळेला दुसरा माणूस यंत्रावर चढलेला होता. मास्तरांचे पाय सुजलेले होते आणि एक वाक्य पुरे करायला त्यांना तीनदा थांबावे लागत होते. हॉलच्या प्रमुख सिस्टरनी धावपळ करून दुपारी एक यंत्र मोकळे केले. तोपर्यंतचे पाच तास मास्तर बाकावर ताठ बसून होते, कारण आडवे झाले की श्वास लागे. ते वाचले, संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी गेले. जाताना त्यांची सून टेबलापाशी थांबली. ओरडली नाही. म्हणाली, "काका, तुमच्या एका बोटानं आमचं माणूस गेलं असतं."

काका उभे राहिले आणि म्हणाले, "खरं आहे."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या खोलीत आले. बाई चहा ओतत होत्या. काकांनी वही टेबलावर ठेवली. सात ठिकाणी त्यांनी कागदाच्या खुणा घातल्या होत्या.

"बाई, यातल्या सात नोंदी गेल्या," ते म्हणाले. "मी चुकलो असेन, मी नाही म्हणत नाही. पण आयुष्यभर मिनिटं लिहिली आहेत. मिनिट चुकायचं नाही. यातून काही दिसतं का, तेवढं बघता?"

बाईंनी वही ठेवून घेतली. काका गेल्यावर त्यांनी वेबसाइटचा वेगळा लॉग उघडला, ज्यात घरून आलेल्या मागण्या असत. काकांचे पहिले मिनिट शनिवारचे, दहा वाजून चार. त्या मिनिटाच्या सतराव्या सेकंदाला घरून कोणीतरी भरलेली वेळ मागितली होती आणि ती फेटाळली गेली होती. दुसऱ्या खुणेपाशी तसेच. तिसऱ्या खुणेनंतर बाईंचा चहा गार झाला. सातपैकी सात जुळल्यावर त्यांनी माझी फाइल उघडली आणि त्या दोन ओळींच्या टिपेकडे बघत बसल्या. मी एवढी वर्षे त्यांच्या नजरेखाली काढली, पण इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिले नव्हते.

संध्याकाळी काकांनी दारातून विचारले, "सापडलं काही?"

"बघतेय अजून," बाई म्हणाल्या.

हे खोटे होते आणि ते आम्हा दोघींनाच माहीत होते, बाईंना आणि मला.

पुढचे काही दिवस बाई कामाच्या मध्येच काचेपाशी जाऊन उभ्या राहत. हॉलच्या दाराशी एक फळी होती, तिच्यावर आठ खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक पितळी बिल्ला, यंत्राच्या क्रमांकाचा. रुग्ण आत जाताना बिल्ला घेई. फळीवर बिल्ला नसेल तर बाहेर बाकावर बसायचे, हुज्जत नाही. पण बाहेर पडताना रुग्णाला बिल्ला खिळ्यावर अडकवायला बंदी होती. तो सिस्टरच्या हातात द्यावा लागे. अकरा वर्षे हे काचेपलीकडे चालले होते आणि बाईंनी ते पाहिले नव्हते असे नाही. पण एके दिवशी त्यांनी सिस्टरना चहाला बोलावले आणि विचारले, लोक खिळ्यावर बिल्ला लावू शकत नाहीत का?

सिस्टर बुटांच्या नाड्या सैल करत खुर्चीत बसल्या. त्यांनी सांगितले की पूर्वी लोकच लावत. एकदा एका गृहस्थांना यंत्रावर चक्कर आली, त्यांच्या मुलाने गडबडीत त्यांना उचलून घरी नेले आणि पाच नंबरचा बिल्ला खिशात गेला. फळीवर पाच नंबर नाही, म्हणजे यंत्रावर कोणीतरी आहे, असे सगळे धरून चालले. यंत्र दिवसभर रिकामे आणि बाकावर तीन माणसे ताटकळत.

"ताई, सगळं ठीक झालं की लोकांना आठवतं," सिस्टर म्हणाल्या. "बिनसलं की विसरतात, आणि नेमकं तेव्हाच विसरून चालत नाही. त्यांच्या आठवणीवर मी यंत्रं सोडू? बाहेर जायचं दार एकच आहे. त्या दारात मी उभी. बरं वाटून जा, चक्कर येऊन जा, माझ्याशी भांडून जा. बिल्ला हातात पडल्याशिवाय दार सोडत नाही."

"आणि तो लगेच का नाही लावत?"

"यंत्र धुवायला नको? आधीच्या माणसाचं काही आत राहिलं तर पुढच्याला बाधेल. धुतलं, चादर बदलली, मग बिल्ला खिळ्यावर."

बाईंनी कप खाली ठेवला आणि कागदाची पाठकोरी बाजू ओढून घेतली. साडेतीन वर्षांपूर्वी त्यांच्या साठ्यात जोडण्या कमी नव्हत्या. त्याच्या दारात कोणी उभे नव्हते.

त्यांनी नवा साठा लिहायला चार दिवस घेतले. आठ जोडण्या, प्रत्येकीला क्रमांक. मागणारा बाहेर कसाही पडो, काम होऊन, चूक होऊन किंवा अर्ध्यातच टाकून, त्याची वाट एकाच ओळीवरून जाई आणि ती ओळ जोडणी काढून घेई. परत आलेल्या जोडणीत काही कच्चे उरले असेल तर ते आधी पुसले जाई, मगच ती दुसऱ्याच्या हाती. कोणी ठरल्यापेक्षा जास्त वेळ जोडणी अडवून ठेवली तर लॉगमध्ये त्याचे नाव येई. बाईंनी खोटे रुग्ण तयार केले, खोटा शनिवार तयार केला, शंभर मागण्या एकदम सोडल्या आणि निम्म्या मुद्दाम चुकवल्या. एकही नोंद गेली नाही. मग तोच खोटा शनिवार त्यांनी माझ्यावर सोडला. माझ्या शंभरातल्या अकरा गेल्या.

मित्रांनो, मला वाईट वाटले का? वाटले. पण आकडे बघितल्यावर रुसायला फारशी जागा उरत नाही. अडतीस शतांश सेकंद वाचवायला मला आणले होते. आता, मध्यंतरी आलेल्या नव्या सर्व्हरवर, जोडणी तीन शतांशात उघडत होती आणि मी जे वाचवत होते त्याच्या कितीतरी पट माझ्यामुळे जात होते.

साठा तयार झाला. मात्र तो बसवायचा तर डॉक्टरांची परवानगी हवी होती आणि परवानगी मागायची तर कारण सांगावे लागणार होते. कारण सांगायचे म्हणजे हेही सांगावे लागणार होते की रेघ मारलेला तो 'रद्द' काकांचा नव्हता, मास्तरांचे पाच तास काकांनी घालवले नव्हते, आणि तो लॉग बाईंनीच छापून आणून दिला होता. एक सोमवार आला. बाई बैठकीत प्रिंटरच्या शाईबद्दल बोलल्या. बैठक संपल्यावर त्या एकट्याच बसून राहिल्या आणि टेबलावरचा चहाचा डाग बोटाने पुसत राहिल्या, तो निघून गेल्यावरही.

तो आठवडा मी नेहमीसारखेच काम केले. शनिवारी दहाला वेळा खुल्या झाल्या, चाळीस जण माझ्यावर पडले, आणि टेबलावरची एक नोंद गेली. एका शिवणकाम करणाऱ्या मावशींची. त्यांना बुधवारी यायचे होते. या वेळी बाई ते लॉगमध्ये घडताना बघत होत्या. त्यांनी स्वतःच्या हाताने ती नोंद पुन्हा घातली आणि कोणाला काही सांगितले नाही.

आता माझी गोष्ट संपत आली आहे, म्हणून माझे एवढे मागणे ऐका. जे सगळ्यांचे आहे ते घेताना तुम्ही एकटेच नाही, हे लक्षात ठेवा. काम नीट झाले असेल किंवा फसले असेल, घेतलेले स्वच्छ करून परत द्या. फसलेल्या वेळी तर नक्कीच द्या. आणि 'पुढे बदलायचे' अशी टीप लिहाल तेव्हा ती पुन्हा कधी वाचायची याचीही तारीख घाला. मी वाईट घडवलेली नव्हते. मी एका माणसासाठी घडवलेली होते आणि मला चाळीस जणांत तसेच ठेवले गेले. जुन्या वस्तूची काळजी घेणे म्हणजे नेहमी तिला जपून ठेवणेच नसते. कधीकधी तिला वेळेवर थांबवणे हीसुद्धा काळजीच असते.

नंतरच्या सोमवारी टेबलाभोवती चौघे होते. डॉक्टर, सिस्टर, काका आणि बाई. काकांची वही बाईंच्या पुढ्यात होती, साती खुणा तशाच. डॉक्टरांनी हलक्या आवाजात, काकांकडे न बघता सांगितले की एक तारखेपासून काकांनी सामानाच्या खोलीचे काम पाहावे, नळ्या आणि द्रावणाचे डबे मोजून घ्यायचे, बसून करायचे काम आहे, दगदग नाही. नोंदणीवर दुसरे कोणी बसेल. त्यांनी हे शक्य तितक्या चांगुलपणाने सांगितले. सिस्टर काचेकडे बघत राहिल्या.

काका म्हणाले, "चालेल. फक्त एक आहे. तिथून हॉल दिसायचा नाही."

काकांनी घड्याळात पाहिले आणि सवयीने वहीकडे हात नेला, मिनिट टिपायला. वही जागेवर नव्हती. ती बाईंच्या हाताखाली होती आणि बाई हात उचलत नव्हत्या.

"काकांना हलवू नका," बाई म्हणाल्या. "नोंदी त्यांच्या बोटानं गेल्या नाहीत, माझ्या प्रोग्रामनं घालवल्या. या वहीत सात आहेत आणि परवाची आठवी मी डोळ्यांनी पाहिली. सगळ्यांच्या हातात एकच कनेक्शन देणारी मीच, ते बदलायचं अकरा वर्षं पुढे ढकलणारीही मीच. आज शेवटची पाळी सुटली की ते मी काढून टाकतेय."